कांदा एकतिसाव्या मिनिटाला

मटण कशानं सुरू होतं, असा प्रश्न सोलापूर जिल्ह्यातल्या मंद्रूपमध्ये कुणी विचारत नाही. विचारलाच, तर समोरचा माणूस विचारणाऱ्याला आधी खालून वरपर्यंत बघेल, शहरातून आलेला दिसतो अशी मनाशी नोंद करेल आणि मग सांगेल, ‘‘कांद्यानं. अजून कशानं?’’ भगुण्यात तेल पडतं, तेलावर कांदा पडतो आणि त्या चर्र आवाजासरशी शेजारच्या तीन घरांत बातमी जाते. हंगामात सोलापूरच्या बाजार समितीबाहेर कांद्याच्या गाड्यांची रांग लागते. आवकेत लासलगावाशी बरोबरी सांगणारा हा जिल्हा. इथं भगुण्यात उतरण्याचा पहिला मान कांद्याचा असणार, यात नवल नाही.

म्हणूनच जपानी आरमाराचं एक जुनं पुस्तक मंद्रूपकरांपासून लपवून ठेवलेलं बरं. १९३८ साली आरमारातल्या स्वयंपाक्यांच्या शिक्षणासाठी छापलेल्या या पाठ्यपुस्तकात गोमांस, बटाटा आणि कांदा यांच्या एका गोडसर पदार्थाची कृती दिली आहे. कृती कसली, रेल्वेचं वेळापत्रकच. तेल घालून वाफ सोडा. तिसऱ्या मिनिटाला मांस. सातव्या मिनिटाला साखर. दहाव्या मिनिटाला सोया सॉस. चौदाव्या मिनिटाला कोन्याकु आणि बटाटा. एकतिसाव्या मिनिटाला कांदा. चौतिसाव्या मिनिटाला समाप्त. खाली टीप : सोया सॉस लवकर घातला तर त्याचा दर्प येऊन चव बिघडू शकते. आणि एकूण पस्तीस मिनिटं धरली म्हणजे पुरे.

कांदा एकतिसाव्या मिनिटाला! हे ऐकून मंद्रूपचा आचारी हातातली पळी खाली ठेवेल आणि एवढंच विचारेल, ‘‘मग तवर काय करत बसायचं बे?’’

हा पदार्थ म्हणजे निकुजागा. ‘निकु’ म्हणजे मांस आणि ‘जागा’ म्हणजे बटाटा. इथंच पहिला घोटाळा होतो. सोलापूरहून विजयपूरकडं जाणाऱ्या हमरस्त्यालगत मंद्रूप वसलं आहे. तिथं ‘जागा’ हा शब्द कानावर पडला, की लोक बटाट्याचा नव्हे, गुंठ्याचा भाव सांगायला लागतात. वास्तविक जपान्यांनी हा शब्द जाकार्तावरून घेतला. सोळाशे सालाच्या आसपास डच जहाजांतून हा कंद आला, तो जाकार्ताहून. त्या गावाला जपानी माणूस ‘जागातारा’ म्हणे, म्हणून त्या कंदाचं नाव ‘जागातारा-इमो’, आणि पुढं जीभ आखडती घेत ‘जागाइमो’. आपणही काही वेगळं केलेलं नाही. पोर्तुगीज बटाटा घेऊन आले आणि शब्दही देऊन गेले. उत्तरेनं त्याला आलू म्हटलं. मराठीनं मात्र पोर्तुगिजांचा शब्द सालीसकट ठेवून घेतला. म्हणजे बटाटा ज्या वाटेनं घरात शिरला, तिची खूण दोन्ही भाषांनी त्याच्या कपाळावर कायमची चिकटवून टाकली. सुना जशा माहेरच्या गावावरून ओळखल्या जातात, तसं.

निकुजागा दिसायला अगदी गरीब. वाडग्यात फोडी केलेला बटाटा, मऊ झालेला कांदा, कधी गाजर, दोन-चार हिरवे मटार आणि त्यांच्या आडोशाला मांसाचे कागदासारखे पातळ काप. रंग फिकट तपकिरी. तवंग नाही, तर्री नाही, मसाला तर नाहीच. सोलापुरी माणूस हे बघून आधी विचारेल की घरात कुणाला बरं नाही काय.

या गरीब वाडग्याला मात्र एका सेनापतीची कथा चिकटलेली आहे. १९०५ च्या मे महिन्यात त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत रशियाचं आरमार बुडवणारे अॅडमिरल तोगो हेइहाचिरो हे तरुणपणी, १८७१ ते १८७८ या काळात, इंग्लंडात शिकत होते. तिथं त्यांनी बीफ स्ट्यू खाल्ला आणि तो जिभेवर बसला. परत आल्यावर त्यांनी आरमारातल्या स्वयंपाक्याला तसलाच पदार्थ करायला सांगितलं. स्वयंपाक्यानं स्ट्यू जन्मात पाहिला नव्हता. वाइन नाही, तो दाट तपकिरी सॉस नाही. साहेबांनी वर्णन केलं असेल : मांस, बटाटा, कांदा, तपकिरी रंग, जरा गोडसर. स्वयंपाक्यानं मांस घेतलं, बटाटा घेतला, कांदा घेतला, तपकिरी रंगासाठी सोया सॉस ओतला, गोडीसाठी साखर टाकली आणि वाडगा पुढं केला. साहेबांनी खाल्ला. ‘हे ते नव्हे’ असं ते म्हणाले की नाही, हे कथा सांगत नाही. रशियाच्या तोफांपुढं उभा राहणारा माणूसही स्वयंपाक्यापुढं गप्प बसतो, हे मात्र कुठल्याही देशात पटण्यासारखं आहे.

कथा झकास आहे आणि तिला कागदोपत्री आधार जवळजवळ नाही. तोगोंचं नाव आणि हा पदार्थ यांना बांधणारा जुना दस्तऐवज नाही. अभ्यासक ही दंतकथाच मानतात. पण दंतकथेला आधार लागत नाही, गाव लागतं. आणि इथं तर दोन गावं आहेत. माइझुरू हे क्योतो प्रांतातलं आरमारी बंदर. १९३८ चं ते पुस्तक तिथल्या आरमारी प्रशिक्षणशाळेत जपून ठेवलेलं आहे. त्याच्या जोरावर १९९५ साली माइझुरूनं जाहीर केलं, की निकुजागाचं जन्मगाव आम्हीच. तोगो आमच्या तळाचे पहिले प्रमुख होते, १९०१ साली. हे ऐकून हिरोशिमाजवळचं कुरे पेटलं. दोन-तीन वर्षांत त्यांचा प्रतिदावा आला : तोगो आमच्याकडं त्याच्याही आधी, १८९० पासून होते, मग स्ट्यूची आठवण त्यांना अकरा वर्षं दाबून ठेवायचं काय कारण? तेव्हापासून भांडण सुरू आहे. बटाट्याची जातसुद्धा दोघांनी वाटून घेतली. माइझुरूचा ‘दान्शाकु’, म्हणजे ‘जहागीरदार’ बटाटा, कावादा नावाच्या एका सरदारानं प्रसिद्धीला आणलेला. कुरेचा ‘मे क्वीन’. एकीकडं जहागीरदार, दुसरीकडं राणी. भांडण खानदानी आहे.

मंद्रूपकरांना हा तंटा समजावून सांगावा लागणार नाही. याच दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा आणि सीना जिथं एकमेकींना मिळतात, त्या हत्तरसंग कुडलच्या संगमेश्वर मंदिरात शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे. जो वाचील तो विजयी होईल, अशा अर्थाची ओळ त्यात आहे. आद्य मराठी शिलालेख कोणता, यावरून श्रवणबेळगोळ, अलिबागजवळचं अक्षी आणि कुडल अशी नावं वर्षानुवर्षं एकमेकांवर आदळत आली आहेत. अक्षीचा लेख शके ९३४ चा म्हणतात, म्हणजे सहा वर्षांनी थोरला. श्रवणबेळगोळचा मान शाळेच्या पुस्तकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाठ करून घेतला. तेव्हा ‘पहिलं कोण’ या प्रश्नावर माणसं जेवण सोडून भांडतात, हे या मुलखाला ठाऊक आहे. जपानी लोक निदान जेवणावरून भांडतात, म्हणजे भांडण संपल्यावर खायला तरी मिळतं.

१९३८ या सालाशी सोलापूरचा आणखी एक धागा आहे आणि तो हसण्यासारखा नाही. आरमाराचं हे पाकपुस्तक छापलं गेलं त्याच वर्षी सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस जपानच्या आक्रमणात जखमी झालेल्या चिनी लोकांवर उपचार करायला निघाले आणि १९४२ साली तिकडेच वारले. साखर सातव्या मिनिटाला घालायची, हे काटेकोरपणे लिहिणारा हात आणि त्या आक्रमणातल्या तोफा एकाच सरकारच्या पगारपत्रकावर होत्या. एवढं लक्षात ठेवून पुन्हा चुलीकडं वळायला हरकत नाही.

आता प्रश्न असा, की आरमाराला मांसाची एवढी काळजी कशाला? कारण भात. जपानी खलाशी घरी मिळत नसे तो पांढराशुभ्र, सडीक तांदूळ जहाजावर पोटभर खात आणि बेरीबेरीनं आडवे होत. १८८२-८३ साली ‘र्‍यूजो’ हे जहाज लांबच्या सफरीला गेलं. ३७६ माणसांपैकी १६९ जणांना बेरीबेरी झाला आणि २५ जण मेले. लंडनला शिकून आलेले आरमाराचे डॉक्टर ताकागी कानेहिरो यांनी आहार बदलला, भाताच्या जागी मांस आणि पाव आणले आणि १८८४ साली ‘त्सुकुबा’ जहाज जवळजवळ त्याच वाटेनं पाठवलं. बेरीबेरीनं एकही मेला नाही. ताकागींना वाटलं प्रथिनांची कमतरता. खरं कारण तांदळाच्या कोंड्याबरोबर गेलेलं जीवनसत्त्व, पण तो शब्दच तेव्हा जन्मायचा होता. औषध बरोबर, निदान चूक, रोगी बरा. पण खलाशांना पाव आवडेना. शेवटी तांदळात सातू मिसळून दिले. मंद्रूपच्या माणसाला या सगळ्या प्रकरणाची कीव येईल. पावसाळ्यानंतरच्या ओलीवर मालदांडी ज्वारी पिकवणाऱ्या आणि तिची भाकरी दोन्ही वेळा खाणाऱ्या माणसाला बेरीबेरी समजावून सांगणं कठीण. पावाबद्दल मात्र त्याचं खलाशांशी पूर्ण एकमत होईल. पाव हा दवाखान्यात दुधाबरोबर खायचा पदार्थ आहे.

मांस खाण्याची चोरी हा तर दोन्हीकडं जिव्हाळ्याचा विषय. सम्राट तेन्मूनं ६७५ साली गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खायला बंदी घातली, तीही शेतीच्या हंगामापुरती. पुढं बौद्ध धर्माच्या जोरावर ही शिवाशिव बाराशे वर्षं टिकली. म्हणजे कागदावर टिकली. रानडुकराला लोक ‘यामाकुजिरा’ म्हणू लागले. अर्थ : डोंगरी देवमासा. देवमासा मासा धरला जाई, मासा चालत असे, आणि हा मासा डोंगरावर पळतो एवढाच काय तो फरक. चित्रकार हिरोशिगेच्या १८५८ च्या एका हिमचित्रात रस्त्याच्या कडेला ‘डोंगरी देवमासा’ अशी ठळक पाटी झळकते आहे. सशाची गणती पक्ष्यांत करून ठेवली. आणि ज्यांना एवढीही कसरत नको असे, ते ‘औषध म्हणून’ खात. त्याला शब्दच आहे, ‘कुसुरीगुइ’, औषधी खाणं. खोकल्यासाठी ब्रँडी ठेवणाऱ्या मराठी घरांना हा शब्द भाषांतर न करता कळतो.

१८७२ च्या जानेवारीत सम्राट मेइजींनी गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं आणि दारं उघडली. तरी पहिल्या पिढीनं घरात मांस शिजवताना देव्हाऱ्यावर कागद चिकटवले. वेगळं भांडं, वेगळी चूल, शक्यतो अंगणात. आता मंद्रूपकडं या. गावातल्या बऱ्याच घरांत लिंगायत परंपरेमुळं मांसाला उंबरठ्याच्या आत मज्जाव. आणि जे खातात, त्यांच्यातही परसातली तीन दगडांची चूल, वेगळं भगुणं, ते भगुणं घासायची वेगळी राख आणि देवघराला ओढलेला पडदा, अशी सगळी व्यवस्था पिढीजात चालत आलेली. सोमवार महादेवाचा. मंगळवार देवीचा. गुरुवार अक्कलकोटच्या स्वामींचा. शनिवार मारुतीचा. एकादशी, चतुर्थी, श्रावण आणि सासूबाईंचे खासगी उपास वजा जाता बुधवार, शुक्रवार आणि रविवार हाती लागतात. जपानच्या आजच्या सागरी दलात दर शुक्रवारी करी-भात असतो. समुद्रावर वाराचं भान राहावं म्हणून, असं सांगतात. मंद्रूपला त्यासाठी समुद्र लागत नाही. खाटकाच्या दुकानापुढची रांग बघून कुठलाही माणूस वार सांगतो. आणि हो, ती करी इंग्रजांच्या आरमाराकडून जपानला गेली, इंग्रजांनी ती आपल्याकडून नेली. इंग्रजांनी परत केलेल्या वस्तूंची यादी फार लांब नसल्यामुळं ही नोंद करून ठेवलेली बरी.

आता प्रयोग. निकुजागा मंद्रूपच्या चुलीवर चढवायचा. प्रयोग कागदावरच, कारण प्रत्यक्षात आचारी मिळणार नाही.

गोमांस बाद, कायदाही आड येतो, मनही. बोकड घेऊ. बोकड आलं की पस्तीस मिनिटं गेली. जपानी काप पातळ असतात, ते लगेच शिजतात. इथं खांड, नळी आणि चाप यांचा संसार. ते किती वेळात शिजेल, हे बोकड ठरवतं. आचाऱ्याला वेळ विचारली तर तो घड्याळाकडं बघतच नाही. तो दोन गोष्टी विचारतो : बोकड कोवळं होतं का जून, आणि पाव्हणं कुठवर आलं. विजयपूरकडचे पाहुणे असतील तर ‘भीमेचा पूल ओलांडला’ असा फोन येतो, मग जाळ वाढवायचा. आरमाराच्या पुस्तकात पाहुण्यांचा रकाना नाही, हा त्यातला मोठाच दोष.

मग साखर. इथं प्रयोगाला पहिला तडा जातो. साखर कारखान्यांच्या संख्येत राज्यात आघाडीवर असलेला हा जिल्हा. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकल्याशिवाय इथं कुणाला कुठं पोहोचता येत नाही. साखर इथं पिकते, साखरेवर निवडणुका होतात, साखरेवरून भाऊ भावाशी बोलत नाही. पण ती मटणात? ‘‘मटणात साखर कोण घालतंय?’’ हा प्रश्न आचारी शांतपणे विचारेल आणि उत्तराची वाट न बघता पिशवीतून काळं तिखट काढेल. ते त्याच्या हातातून काढून घ्यायला दोन माणसं लागतील.

सोया सॉसची गोष्ट निराळी. सोयाबीन पिकवण्यात महाराष्ट्र देशात पुढं आहे. पण शेतकऱ्याच्या घरात सोयाबीन येतं ते भावाच्या रूपात, आणि तोही बहुतेकदा पडलेला. ते गव्हाबरोबर आंबवून, महिनोन्‌महिने ठेवून, मग त्याचा रस पिळून मटणात घालायचा म्हटल्यावर ऐकणारा म्हणेल, मुरवायला ठेवण्यापेक्षा भाव येईपर्यंत ठेवलं असतं. घरगुती निकुजागात मिरिनही लागते. मिरिन म्हणजे तांदळाची गोड दारू. भाजीत दारू पडणार म्हटल्यावर मदतीला येणाऱ्यांची संख्या एकदम वाढेल. भगुण्यापर्यंत तिच्यातली किती पोचेल, हे वेगळं. वर दाशी, म्हणजे समुद्री शेवाळ आणि लाकडासारखा कडक वाळवलेला मासा यांचा अर्क. मासा रंध्यानं तासून त्याच्या साली पाण्यात उकळतात. याला फारसा विरोध होणार नाही. आठवडी बाजारात सुकट-बोंबील घेणाऱ्यांना वाळलेल्या माशाचा धाक नसतो. फक्त सुताराचं हत्यार स्वयंपाकघरात कशाला, एवढं विचारतील.

राहिला कोन्याकु. हा एका कंदाच्या पिठाचा करड्या रंगाचा, रबरासारखा थलथलीत गोळा. त्यात जवळजवळ सगळं पाणीच असतं आणि अंगी लागण्यासारखं काहीच नसतं. हा कंद आपल्या सुरणाचा सख्खा चुलतभाऊ. वनस्पतिशास्त्रात दोघांचं कूळ एकच. सुरण निदान घसा खाजवून आपण जेवलो याची आठवण देतो. कोन्याकु तेवढीही तसदी घेत नाही.

झाकणापाशी मात्र दोन्ही चुलींची गाठ पडते. जपानी स्वयंपाकी ‘ओतोशिबुता’ वापरतो, म्हणजे पातेल्याच्या तोंडापेक्षा लहान लाकडी झाकण. ते पातेल्यावर बसत नाही, आत पडतं आणि थेट बटाट्यावर टेकतं. रस थोडा असतो. उकळला की झाकणाला आपटून परत सगळ्या फोडींवर पसरतो, आणि फोडी एकमेकींवर आदळून फुटत नाहीत. आपल्याकडं भगुण्यावर पितळी ताट ठेवतात आणि त्या ताटात तांब्याभर पाणी ओततात. खालची वाफ गार ताटाला लागून परत मटणात गळते, वरचं पाणी तापत राहतं. रस्सा आटला, की तेच ताट तिरपं करून गरम पाणी आत सोडायचं. गार पाणी पडलं तर मटण दडपतं. दोन्ही युक्त्या कुणीतरी शाळेत न जाता शोधल्या. मंद्रूपच्या आचाऱ्याला ओतोशिबुता दाखवलं, तर तो ते उलटंसुलटं करून बघेल, ‘‘झाकण आत पडलंय की’’ म्हणेल, मग थोडा विचार करेल आणि मान हलवेल. या सबंध प्रयोगात त्यानं दिलेली ही पहिली आणि एकमेव पावती.

निकुजागाची खरी मख्खी अशी, की त्यात नावापुढं मांस आहे आणि पोटात बटाटा. मांस वासापुरतं. शंभर-दीडशे ग्रॅममध्ये चौघांचं घर जेवतं. हा हिशेब मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. अर्धा किलो मटण आणलं, एवढ्यात दारात चुलत्याच्या घरचे चौघं उभे. मग आतून हळूच आवाज येतो, ‘‘दोन बटाटं टाक गं.’’ बटाटा पडला की रस्सा दाट होतो, भगुणं भरलेलं दिसतं, आणि पाहुण्याला आपण आल्यानं काही फरक पडला असं वाटत नाही. आणखी दोघं आले, तर ताटातलं पाणी आहेच. सोलापूर भागात पिराला नवस बोलून कंदुरी करतात; त्यात हिंदू घरंही असतात. तिथं एका बोकडात अख्खी भावकी, शिवाय ज्यांना बोलावलं नव्हतं ते, आणि रस्त्यानं जाताना ‘ऊटा आतेनरी?’ (जेवण झालं का?) एवढंच विचारून ज्यांना आत ओढलं ते, सगळे जेवून उठतात. मांस किती मिळालं, हे कुणी मोजत नाही. रस्सा झणझणीत होता का, एवढं बोललं जातं. तोगोंच्या स्वयंपाक्याला कंदुरीच्या आचाऱ्याकडं चार दिवस उमेदवारी करायला पाठवलं असतं, तर आरमाराचं मांसाचं बिल अर्ध्यावर आलं असतं.

जे मटण खात नाहीत, त्यांचं काय, असं कुणी विचारेल. त्यांच्याकडं येळवस आहे. डिसेंबर-जानेवारीतल्या त्या अमावास्येला सीमाभागातली माणसं घर बंद करून शेतात जेवायला जातात. तिथं भज्जी असते. तिच्यात वांगी, गाजर, हरभऱ्याचा पाला, ओली तूर, वालाच्या शेंगा असं रानात हाताला येईल ते सगळं बेसनात एकत्र रटरटतं. सोबत बाजरीचे उंडे आणि मडक्यातली आंबील. जपानी माणसाला ही भज्जी दिली, तर तो निकुजागा विसरण्याचा धोका आहे. बटाटा न घालताही भाज्यांना एकमेकींत मुरता येतं, हे त्याला तिथं कळेल.

जपानमध्ये आज हा पदार्थ ‘ओफुकुरो नो आजी’ मानला जातो, म्हणजे आईच्या हातची चव. गंमत बघा : इंग्रजांचा स्ट्यू, जाकार्ताचा बटाटा, सरकारी परवानगीनं आलेलं मांस आणि आरमाराचं वेळापत्रक; यात आई कुठं आली? निकुजागा हे नावसुद्धा घरोघर झालं ते १९७० च्या दशकात. पण आता पिढ्या अशा वाढल्या आहेत, की नोकरीसाठी शहरात आलेला जपानी तरुण दुकानातल्या तयार निकुजागाचा डबा उघडतो आणि डोळे ओले करतो. लग्नाळू मुलीला निकुजागा येतो का, यावर तिथं अजून गप्पा होतात. आपल्याकडं पोहे आहेत. कांदेपोह्यातला बटाटासुद्धा पोर्तुगीज, आणि मिरची त्यांचीच. पण मुलगी बघायला आलेल्यांपैकी कुणी ‘हे गोव्याहून आलंय’ म्हणून बशी परत केल्याचं ऐकिवात नाही.

तोक्योच्या एदोगावा भागात, निशी-कासाईच्या आसपास, मराठी घरांची आता चांगली वस्ती आहे. महाराष्ट्रातून गेलेले योगेंद्र पुराणिक २०१९ साली तिथल्या स्थानिक सभेवर निवडूनही आले. अशा वस्तीतल्या शाकाहारी घरांना पहिला धक्का दाशीचा बसतो. मुळ्याची साधी भाजी मागवली, तर तिच्यातही मासा. वरवर दिसत नाही, पाण्यातच असतो. आपला माणूस मांस बाजूला सारून खातो, पण पाणी बाजूला कसं सारणार? मग घरीच करायचं. बटाटा तोच, कांदा तोच, गाजर तेच. दाशीच्या जागी नळाचं पाणी, सोया सॉस अर्धा चमचा, आणि शेवटी सोलापूरहून आलेल्या शेंगाचटणीची मूठभर शिवरण. निकु गेला, जागा राहिली.

मंद्रूपचा प्रयोग मात्र अजून चुलीवर आहे. एकतिसावं मिनिट उजाडलं. आचाऱ्यानं कांदा केव्हाच परतून घातला होता. दोन मिनिटं सगळे मागं वळून बोलत होते, तेवढ्यात. साखर पडली, तिच्यापाठोपाठ काळं तिखटही पडलं, कुणी टाकलं ते कळलं नाही. पंगत बसली. थोरल्या अण्णांनी पहिला घास घेतला, भाकरी रश्श्यात चुरली, थांबले, आणि म्हणाले, ‘‘बरं हाय. पोरांस्नी द्या.’’ याचा अर्थ ज्याला कळायचा त्याला कळला. अळणीच्या वाटीसाठी चुलीपाशी घुटमळणाऱ्या पोरांनी दोन-दोन वाट्या ओरपल्या. मोठ्यांनी ठेचा मागवला. वाढपी बादलीत ओगराळं फिरवत रांगेतून गेला. ‘‘खालनं घाल की,’’ असं प्रत्येकानं सांगितलं, आणि खालनंही बटाटाच आला. भगुणं निम्मं उरलं. ते ताट झाकून परसात राहू दिलं.

जपानी स्वयंपाकी सांगतात, की निकुजागाला चव लागते ती शिजताना नव्हे, गार होताना. रस तेव्हा बटाट्यात शिरतो. मटण दुसऱ्या दिवशी शिळं खाण्यात जे सुख आहे, त्याला मराठीत वेगळा शब्द नाही, कारण त्याबद्दल कुणी बोलत नाही, गुपचूप उठून खातात. पहाटे पाचला गोठ्याकडं जाताना कुणीतरी ताट उचललं. भाकरीचा तुकडा मोडल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं दुसरं कुणीतरी आलं. उजाडल्यावर भगुणं घासायला घेतलं, तेव्हा तळ पुसून चाटल्यासारखा लख्ख होता आणि मधोमध सुरणाच्या चुलतभावाची एक करडी चकती पडलेली होती. कोंबडीनं येऊन ती एकदा टोचून पाहिली आणि ती निघून गेली.